ब्लेड बोथट झालंय की नुसतं मळलंय? गोल ब्लेड आणि हातकरवतीची घरच्या घरी निगा

लाकूडकामाला नव्याने लागलेल्या बहुतेकांची एक तक्रार ठरलेली असते. सुरुवातीला ब्लेड छान चालतं. मग हळूहळू मशीन ढकलायला जोर लागतो, कापाच्या कडा काळ्या पडतात, जळकट वास येतो, कधी धूरही निघतो. हार्डवेअरच्या दुकानात गेलात तर नवं ब्लेड पुढे येतं. मिस्त्रींना विचारलंत तर ‘धार लावून आणा’ म्हणतात. दोन्ही सल्ले आपापल्या जागी ठीक आहेत, पण त्याआधी करायचं काम दोघंही सांगत नाहीत: ब्लेड धुवा.

लाकडात राळ असते, चीक असतो, तेल असतं. प्लायमध्ये त्यावर गोंदाची भर. दात वेगाने घासत जाताना तापतात आणि हे सगळं दातांच्या बाजूंवर, दातांमधल्या खाचांत भाजून घट्ट बसतं. दाताच्या बाजूला थर साचला की ब्लेडला कापाच्या फटीत मोकळं फिरायला जागा उरत नाही. घर्षण वाढतं, उष्णता वाढते आणि त्या उष्णतेने आणखी राळ भाजून चिकटते. धार शाबूत असूनही ब्लेड बोथट असल्यासारखं वागतं. म्हणून शार्पनिंगला पैसे घालण्याआधी अर्धा तास धुण्यात घाला.

हा लेख घरी, गॅलरीत किंवा छोट्या शेडमध्ये काम करणाऱ्यांसाठी आहे. ४ इंची ब्लेडपासून १० इंची टेबल सॉच्या ब्लेडपर्यंत रीत एकच. हातकरवतीचं गणित वेगळं, ते शेवटी.

लागणारं सामान

- ब्लेड आडवं मावेल असा प्लास्टिकचा टब. १० इंची ब्लेड म्हणजे २५४ मिलिमीटर, त्याला जुनी परातही चालते. फक्त ती अॅल्युमिनियमची नको
- भांडी घासायचं लिक्विड, खाण्याचा सोडा, कोमट पाणी
- जुने टूथब्रश, नायलॉनचा ब्रश. जमलं तर पितळी तारांचा ब्रश
- रबरी हातमोजे आणि चष्मा
- मशीनबरोबर आलेला पाना किंवा अॅलन की
- सुती फडकी, शिलाई मशीनचं तेल किंवा घट्ट मेण
- भिंग. घड्याळजीचं असेल तर उत्तम, मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही भागतं

१. आधी आपलं ब्लेड कोणतं ते बघा

आज बाजारात मिळणारं लाकडाचं बहुतेक गोल ब्लेड टीसीटी असतं. म्हणजे मधली चकती पोलादी आणि प्रत्येक दाताच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा छोटा तुकडा ब्रेझिंग करून (वितळलेल्या धातूने जोडून) बसवलेला. कार्बाइड म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे अतिशय कठीण कण कोबाल्ट धातूने एकत्र बांधलेले. कठीण आहे, पण ठिसूळही आहे. सिमेंटच्या लादीवर ब्लेड नुसतं आपटलं तरी टोकाचा कपचा उडू शकतो. कोबाल्टची गोष्ट लक्षात ठेवा, धुताना ती कामाला येईल.

चकतीवर छापलेलं वाचा आणि फोटो काढून ठेवा: व्यास, मधल्या भोकाचं माप, दातांची संख्या, कमाल आरपीएम (मिनिटाला किती फेरे चालतील तो आकडा) आणि फिरण्याची दिशा दाखवणारा बाण. वापरून ही छपाई पुसट होते आणि मग शार्पनिंगवाला विचारतो तेव्हा सांगता येत नाही. १० इंची ब्लेडला २४ ते ३० दात असतील तर ते रेषांच्या दिशेने उभं चिरायला, ६० ते ८० असतील तर आडव्या कापाला, आणि प्लाय-मायकाला ८० किंवा त्याहून जास्त. २४ दातांच्या ब्लेडने मायका कापून कडा उडाल्या तर दोष मळाचाही नाही आणि धारेचाही नाही.

चकतीवर काळा, लाल किंवा करड्या रंगाचा गुळगुळीत थर असेल तर तो राळ चिकटू नये म्हणून दिलेला असतो. त्यावर थिनर किंवा तारेचा ब्रश चालवू नका.

२. मशीनमधून काढताना

प्लग भिंतीतून काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढून दूर ठेवा. एवढं झाल्यावरच पाना हातात घ्या.

नट कोणत्या बाजूला सुटतो यावर नवखा माणूस हमखास अडतो, कारण काही मशीनना उलटे आटे असतात. सोपा नियम असा: ब्लेड कापताना ज्या दिशेने फिरतं, त्याच दिशेने नट फिरवला की तो सुटतो. मशीनला शाफ्ट अडवायचं बटण असेल तर ते वापरा. नसेल तर दातांत लाकडाचा तुकडा अडकवा. स्क्रूड्रायव्हर अडकवलात तर कार्बाइडचा एखादा दात गमावून बसाल.

वॉशर कोणता आत होता आणि कोणता बाहेर, त्याची कोणती बाजू ब्लेडकडे होती, याचा फोटो घ्या. काढलेलं ब्लेड हातात धरताना जाड मोजे घाला. पण मशीन चालू असताना मोजे अजिबात नकोत. धागा दातात सापडला तर हात ओढला जातो.

३. धुणं

टबात कोमट पाणी घ्या, हात सहज बुडवता येईल इतपतच गरम. त्यात दोन-तीन चमचे भांड्यांचं लिक्विड आणि चमचाभर खाण्याचा सोडा. तळाशी जुनं फडकं अंथरा म्हणजे दात टबावर आदळणार नाहीत. ब्लेड १० ते १५ मिनिटं बुडवून ठेवा. ‘रात्रभर भिजू दे, सकाळी बघू’ असं करू नका. सकाळी राळ सुटलेली असेल, पण पोलादावर गंज धरलेला असेल.

मग ब्रश. प्रत्येक दाताच्या दोन्ही बाजू, पाठ आणि समोरची खाच, असं एकेका दातावर जा. हात बाहेरच्या दिशेने चालवा, धारेवरून आत नको. ६० दातांचं ब्लेड असेल तर कंटाळा येतो, पण खरा फायदा दाताच्या बाजूंची पुटं काढण्यातच आहे. मधली चकती चमकवणं ही निव्वळ हौस. थर न दिलेल्या चकतीवरचे काळे डाग पितळी ब्रशने काढले तरी चालतात. पोलादी तारांचा ब्रश मात्र दातांच्या जवळ नेऊ नका.

एवढ्याने न सुटलेल्या जागी खाण्याच्या सोड्याची पाण्यात कालवलेली पेस्ट लावून पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा घासा. पाइनच्या पेट्यांचं, पॅलेटचं लाकूड कापलं असेल तर राळ चिवट असते. तिथे टर्पेंटाइनचा बोळा उपयोगी पडतो. जुने मिस्त्री रॉकेलचा बोळा फिरवायचे, तेही याच कारणासाठी आणि ते चुकीचं नव्हतं. दोन्ही पेटणारे पदार्थ आहेत, तेव्हा उघड्या जागेत, शेगडीपासून आणि सिगारेटपासून लांब. मायका चिकटवायचं पिवळं रबरी सोल्यूशन साबणाने जात नाही, त्याला थिनरच लागतो. ब्लेडला थर दिलेला असेल तर मात्र तिथे थिनरही नाही, तो चिकटा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा.

आता काय वापरू नये ते. इथे लोक उत्साहाच्या भरात चांगली ब्लेडं घालवतात.

ओव्हन क्लीनर आणि कॉस्टिक सोडा: राळ झटक्यात निघते, म्हणून व्हिडिओंमध्ये हा उपाय फार दिसतो. पण तीव्र अल्कली दातांच्या जोडावर आणि कार्बाइडवर परिणाम करू शकते, ब्लेडचा रंग आणि थर उडवते आणि तुमच्या कातडीलाही भाजते. ब्लेड बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच नको म्हणतात.

लिंबू, चिंच, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर: पितळेची समई चिंचेने उजळते म्हणून ब्लेडही उजळेल असं वाटतं. आम्ल पोलादाला खातं आणि कार्बाइडच्या कणांना बांधून ठेवणाऱ्या कोबाल्टलाही खातं. बांधणारा धातू झिजला की धारेवरचे कण सुटू लागतात. वरून ब्लेड लखलखीत, आणि धार पहिल्या चार कापांत गायब.

गॅसची ज्योत: राळ जाळून टाकायची ही युक्ती काही साइटवर पाहिली आहे. चकतीला कारखान्यात दिलेला ताण उष्णतेने बिघडतो, ब्लेड लहरतं आणि मग ते कधीच सरळ कापत नाही. दाताचा जोड ढिला झाला तर तो दात चालू मशीनमधून उडतो. हे करूच नका.

४. सुकवणं आणि तेलपाणी

स्वच्छ पाण्यात खळबळून लगेच सुती कापडाने पुसा. दातांच्या मुळाशी आणि चकतीत कापलेल्या बारीक वळणदार फटींत पाणी राहतं. या फटी ब्लेड तापल्यावर फुगायला जागा मिळावी म्हणून असतात, शोभेसाठी नव्हे. तिथे हेअर ड्रायर फिरवा किंवा ब्लेड तासभर उन्हात ठेवा.

कोरड्या ब्लेडवर शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि दहा मिनिटांनी पुसून टाका. बोट फिरवल्यावर ओलं लागता कामा नये, नाहीतर पहिलाच तुकडा तेलकट होईल आणि त्यावर पॉलिश बसणार नाही. घट्ट मेण मिळालं तर ते तेलापेक्षा बरं. राळही कमी चिकटते. सिलिकॉनचा स्प्रे टाळा. लाकडावर त्याचा अंश उतरला की पॉलिशमध्ये माशाच्या डोळ्यासारखे गोल डाग पडतात आणि ते काढताना जीव जातो.

५. आता खरी तपासणी

स्वच्छ ब्लेड उजेडात धरून एक-एक दात भिंगातून बघा.

धारेची कड चमकते का? तीक्ष्ण धार उजेड परतवत नाही, ती दिसतच नाही. कडेवर बारीक पांढरी रेघ चमकली तर तिथे धार गोल झाली आहे. दुसरी कसोटी नखाची: मशीनबाहेर काढलेल्या ब्लेडच्या दाताच्या टोकावर नख हलकेच टेकवून ओढा. तीक्ष्ण दात नखाचा पातळ पापुद्रा काढतो, बोथट दात घसरतो.

एखाद्या दाताचा कोपरा किंचित उडाला असेल तर कच्च्या कामाला चालतं. अख्खं टोक उडालं असेल तर ते ब्लेड बाजूला ठेवा, कारण मागच्या दातावर दुप्पट भार येतो आणि काही दिवसांत तोही जातो. चकतीला दातांच्या खाचेपासून आत जाणारी केसाएवढी चीर दिसली तर मात्र विचार करायचा नाही, ब्लेड भंगारात. त्याआधी ग्राइंडरने दोन-तीन दात उडवून टाका म्हणजे दुसरं कोणी ते वापरणार नाही.

कपचे उडण्याचं सगळ्यात मोठं कारण खिळा. जुन्या वाड्यांचं सागवान फार सुंदर निघतं, घ्यावंच, पण त्यात खिळ्यांची डोकी तुटून आत राहिलेली असतात. कापण्याआधी जोरदार चुंबक फळीवर फिरवा. आणि साग मुळातच ब्लेडची धार लवकर खातो, कारण त्या लाकडात सिलिका असते. तेव्हा सागावर ब्लेड लवकर बोथट झालं म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

६. धार लावायला कुठे आणि कशी द्यायची

टीसीटी ब्लेडला घरी धार लावू नका. साधी कानस कार्बाइडवर नुसती घसरते. डायमंडच्या पट्टीने एखाद-दुसरा हात देता येतो, पण सगळे दात एकाच उंचीचे आणि एकाच कोनाचे राहतील याची खात्री हाताने देता येत नाही. शिवाय कार्बाइडची कोरडी धूळ कोबाल्टमुळे फुप्फुसांना अपायकारक आहे. हे काम डायमंड चाकाच्या मशीनवर, पाण्याच्या किंवा कूलंटच्या धारेखाली होतं.

शार्पनिंगची दुकानं सहसा लाकूड आणि प्लायच्या बाजाराच्या आसपास असतात. पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, नागपुरात लकडगंज, मुंबईत रे रोड, अशा ठिकाणी चौकशी करा. लहान गावात फर्निचरच्या कारखान्याला विचारा. त्यांची ब्लेडं जिथे जातात तिथेच तुमचंही पाठवता येतं. पैसे बहुधा दातांवर मोजले जातात. म्हणून ४ इंची स्वस्त ब्लेडला धार लावणं परवडत नाही, आणि चांगलं ८० दातांचं १० इंची ब्लेड फेकणं परवडत नाही. कार्बाइडचं टोक जाड असेल तर अशा ब्लेडला अनेकदा धार लागते.

देताना तीन गोष्टी बोलून घ्या. ब्लेड धुऊनच द्या, नाहीतर राळेवरूनच चाक फिरवलं जातं. दातांचा मूळ कोन तसाच ठेवायला सांगा. आलटून-पालटून तिरके दात असलेलं ब्लेड सपाट होऊन परत आलं तर प्लायच्या कडा फाटतील. आणि उडालेलं टोक बदलून मिळतं का ते विचारा. परत आल्यावर दुकानातच दोन-चार दात भिंगातून बघा. त्याने नाक मुरडलं तरी बघा.

७. परत बसवताना

शाफ्ट आणि वॉशर पुसून घ्या. वॉशरखाली भुशाचा एक कण अडकला तरी ब्लेड डुलतं. बाण मशीनवरच्या बाणाशी जुळवा. नट घट्ट करा, पण हातोडी मारून नको. हाताने एक फेरा फिरवून कुठे घासत नाही ना ते बघा. मग प्लग लावून, बाजूला उभं राहून, मिनिटभर रिकामं चालवा. थरथर किंवा वेगळा आवाज आला तर बंद करून पुन्हा उघडा.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. आपल्याकडे अर्ध्या साइटवर मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून काम चालतं. ते मशीन दगडासाठी आहे, मिनिटाला १२ ते १३ हजार फेरे घेतं आणि त्याला खालून झाकणारं गार्ड नसतं. तरीही वापरणारच असाल तर ब्लेडवरचा कमाल आरपीएम मशीनपेक्षा जास्त आहे ना, हे बघितल्याशिवाय लावू नका. पण अँगल ग्राइंडरला दातांचं ब्लेड लावणं हा वेगळाच प्रकार आहे. एका हातात धरलेलं मशीन, गार्ड बहुतेक वेळा काढून ठेवलेलं, आणि दात लाकडात अडकला की ते थेट अंगावर येतं. ब्लेड कितीही निगुतीने सांभाळलेलं असो, तिथे लावू नका.

८. हातकरवत

पहिला प्रश्न: दात कानशीने घासता येतील असे आहेत का? दातांची टोकं निळसर-काळी असतील आणि बाकीचं पातं पांढरं, तर ते दात उष्णतेने कठीण केलेले आहेत. कानस घसरेल. अशी करवत धुवायची, पुसायची, गेली की बदलायची. जपानी पद्धतीच्या ओढून कापायच्या बहुतेक करवतीही याच जातीच्या असतात, त्यांचं पातं वेगळं विकत मिळतं.

सगळं पातं एकाच रंगाचं असेल तर तुम्ही नशीबवान आहात. हे काम शिकण्यासारखं आहे. गंज असेल तर आधी बारीक पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून तेलाबरोबर घासा, पात्याच्या लांबीच्या दिशेने. मग पातं दोन लाकडी पट्ट्यांत धरून व्हाइसमध्ये आवळा. दात फक्त अर्धा-पाऊण सेंटिमीटर वर दिसू द्या, नाहीतर कानस लावताना पातं कंप पावतं आणि दातओठ खायला लावणारा आवाज येतो.

क्रम चुकवू नका. आधी सपाट कानस सगळ्या दातांच्या डोक्यावरून एक-दोनदा फिरवा, म्हणजे सगळे एका उंचीला येतात आणि प्रत्येकावर चमकता ठिपका दिसतो. मग दात आलटून-पालटून डावी-उजवीकडे किंचित वळवा. यासाठी सॉ सेट नावाची पक्कड मिळते. वाळलेल्या कठीण लाकडाला थोडं वळण पुरतं, ओल्या लाकडाला जास्त लागतं. दाताचा वरचा अर्धाच भाग वळवायचा, मुळापासून वळवलात तर तुटतो. सगळ्यात शेवटी तिकोनी कानस: फक्त पुढे ढकलताना दाब, मागे घेताना उचललेली. उभ्या चिरण्याच्या करवतीला कानस पात्याशी काटकोनात, आडव्या कापाच्या करवतीला तिरकी, साधारण ६० ते ६५ अंशांत, आणि एक दात सोडून एक. मग करवत फिरवून उरलेले. डोक्यावरचा चमकता ठिपका नाहीसा झाला की त्या दातावर थांबा. पुढे एकही घाव नको. दातांना काळ्या मार्करने रंग दिलात तर कुठला झाला, कुठला राहिला हे लगेच कळतं.

कानस निवडताना तिची बाजू दाताच्या उंचीच्या दुपटीहून थोडी मोठी घ्या, म्हणजे तिच्या तिन्ही कडा वापरात येतात. कानशीला मूठ लावल्याशिवाय हात घालू नका.

९. पावसाळा

जून ते सप्टेंबर, आणि कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर जवळपास वर्षभर, गंज हाच मोठा शत्रू. घामट बोटांचे ठसेसुद्धा दोन दिवसांत तांबूस होऊन उमटतात. काम संपल्यावर तेलाचं फडकं फिरवायची सवय लावा. ते फडकं झाकणाच्या डब्यात ठेवलं तर महिनोनमहिने पुरतं. ब्लेडं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका, कागद ओल ओढतो आणि तीच पोलादाला धरून ठेवतो. एकावर एक नुसती रचूही नका. दोन ब्लेडांच्या मध्ये पुठ्ठ्याची चकती घालून खिळ्यावर टांगा, किंवा बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या पुड्या चालतात, पण ओल शोषून भरल्या की बदला.

किती दिवसांनी धुवायचं? पाइन किंवा ओलं लाकूड कापलं तर त्याच संध्याकाळी. एमडीएफ (लाकडाचा लगदा गोंदाने दाबून केलेली फळी) आणि प्लायवर दातांच्या बाजूंना तपकिरी थर दिसू लागला की. नुसतं बघून कळतं, कॅलेंडर लागत नाही. हातकरवतीला मात्र धुण्याची गरज क्वचितच पडते, कोरड्या फडक्याने दात पुसून मेणबत्तीचा एक हात पात्याच्या दोन्ही बाजूंना दिलात की ती पुढच्या कामाला तयार.